रांगेतल्या प्रत्येकाची नोंद ठेवणारा गणिती

ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये १९६७ च्या वसंतात एक नवा कर्मचारी घाबऱ्या घाबऱ्या टेलिफोन ऑपरेटरकडे आला. वरच्या मजल्यावर, फळ्यासमोर दोन माणसे हातघाईवर आली आहेत, आता काय करावे, असे तो विचारू लागला. ऑपरेटर बाईंनी क्षणभर कानोसा घेतला आणि त्याला निर्धास्त केले. भांडण वगैरे काही नव्हते. दाल आणि न्यूगोर सिम्युलाविषयी चर्चा करीत होते.

त्या गदारोळातून जे निघाले, त्यावर आज पुण्याच्या हिंजवडीपासून जगभरातील सॉफ्टवेअर कंपन्यांचा कारभार चालतो. तरी क्रिस्टन न्यूगोर आणि ओले-योहान दाल ही नावे त्या कंपन्यांतील किती जणांना ठाऊक असतील, याची शंकाच आहे.

न्यूगोर यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, ओस्लोचा. १९४८ मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी गणिते तेथे चालू होती. नेमके सूत्र सापडत नसेल तर यदृच्छेने हजारो शक्यता आजमावून उत्तराच्या जवळ जायचे, या मॉण्टे कार्लो पद्धतीशी त्यांची ओळख याच कामात झाली; १९५६ मध्ये पदव्युत्तर पदवीचा प्रबंधही त्यांनी त्याच विषयावर लिहिला. पुढे लष्कराच्या कामकाजाचा अभ्यास करताना त्यांना एक अडचण पदोपदी जाणवू लागली. कोण कोणाची वाट पाहतो, रांग कोठे तुंबते, हे समजण्याजोग्या रीतीने मांडणारी भाषाच नव्हती. १९६० मध्ये ते कम्प्युटिंग सेंटरमध्ये आले ते ही अडचण सोबत घेऊनच. १९६३ मध्ये दाल येऊन मिळाले. न्यूगोर यांना जग कसे चालते याचे कुतूहल, तर दाल यांना ते यंत्राला कसे समजावावे याची विलक्षण हातोटी. १९६४ अखेर युनिव्हॅक ११०७ या संगणकावर सिम्युला भाषा चालू लागली.

पुढची पायरी सुचली ती एका पुलावरील टोलनाक्याच्या उदाहरणातून. रांगेत ट्रक होते, बसगाड्या होत्या. प्रत्येक वाहन वेगळे, तरी रांगेत उभे राहण्याची रीत सगळ्यांची सारखीच. समान गुण एकदाच लिहावेत आणि वेगळेपण ज्याचे त्याच्याकडे ठेवावे, या विचारातून ‘क्लास’ आणि त्याचे ‘ऑब्जेक्ट’ ही मांडणी सिम्युला ६७ मध्ये आली.

नॉर्वेचा टोलनाका आपल्याला दूरचा. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे वसमत तालुक्यातील गाव घेऊ. हा सारा हळदीचा पट्टा. समजा, कुरुंद्याचे तीन शेतकरी हळद घेऊन वसमतच्या मोंढ्यात आले. नोंदीचा नमुना एकच: नाव, पोत्यांची संख्या, वजन. तो नमुना म्हणजे क्लास. भरलेला प्रत्येक कागद म्हणजे ऑब्जेक्ट. पहिल्याचे वजन १२ क्विंटल, दुसऱ्याचे ७, तिसऱ्याचे २०. हे आकडे ज्याच्या त्याच्या कागदावर राहतात. त्यांना इन्स्टन्स व्हेरिएबल म्हणतात. आता क्विंटलचे किलो करायचे आहेत. त्यासाठी कोणत्याही शेतकऱ्याला काही विचारावे लागत नाही. आकडा द्या, शंभराने गुणा. असे काम नमुन्याच्याच नावाने करता येते, एकही कागद भरलेला नसला तरी. ती स्टॅटिक मेथड.

येथेच शिकाऊ विद्यार्थी अडखळतात. स्टॅटिक मेथडमधून थेट वजन मागितले की जावा भाषेचा कम्पायलर नकार देतो. तो विचारतो ते रास्तच असते: वजन कोणाचे? या कटकटीला कंटाळून पुष्कळ जण वजनाच्याच मागे स्टॅटिक शब्द लावतात. तक्रार तत्काळ थांबते, पण आता तिघांत मिळून वजनाची जागा एकच उरते. शेवटी आलेल्याचे २० क्विंटल पहिल्या दोघांच्याही नावावर लागतात. प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि हिशेब खोटा निघतो. दिवसभरात किती शेतकरी आले हा आकडा सर्वांत सामाईक ठेवणे योग्य, वजन नव्हे.

स्टॅटिक मेथड ही न्यूगोर यांची देणगी नव्हे. सिम्युलात कोणाशीही बांधलेली नसलेली कामे क्लासच्या बाहेर ठेवता येत. केंब्रिजला सिम्युला वापरलेल्या बियार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस घडवली आणि पुढे तिच्यात स्टॅटिकची सोय आली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने सगळेच क्लासच्या आत आणले, तेव्हा ती अपरिहार्य झाली. मुळातला विचार मात्र, की प्रत्येकाची स्थिती प्रत्येकाजवळ असावी, ओस्लोचाच.

न्यूगोर यांच्या पुढच्या आयुष्याने अनेकांना बुचकळ्यात टाकले. कारखान्यातील माणसांच्या कामाची मांडणी आता संगणकावर होणार आणि आपलीच भाषा व्यवस्थापनाच्या हाती बळ देणार, हे त्यांनी ओळखले होते. कामगाराला कामाबद्दल जे ठाऊक असते त्याची नोंद त्या मांडणीत कोठे? हा प्रश्न घेऊन १९७१ मध्ये ते नॉर्वेच्या लोह व धातू कामगार संघटनेकडे गेले. नव्या यंत्रणेत काय असावे आणि काय नसावे, हे कामगारांनी स्वतः अभ्यासावे यासाठी त्यांनी कारखान्यांतील शाखांबरोबर काम केले, कामगारांसाठी पाठ्यपुस्तकही तयार झाले. संगणक आणताना कामगारांना माहिती देणारा आणि सहभाग देणारा राष्ट्रीय करार १९७५ मध्ये झाला, त्यामागे हे काम होते. भाषेच्या शोधापेक्षा हे काम धाडसाचे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. फळ्यावरच्या भांडणात कोणाची नोकरी पणाला लागत नव्हती.

ते स्वस्थ बसणारे नव्हतेच. युरोपीय संघात सामील होण्यास विरोध करणाऱ्या चळवळीचे नेतृत्व त्यांनी १९९० पासून केले. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्के मतदारांनी नकार दिला. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००१ सालासाठी न्यूगोर आणि दाल यांना विभागून मिळाला. पुढच्याच वर्षी, २९ जून २००२ रोजी दाल गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, हृदयविकाराने न्यूगोर यांचे निधन झाले. शहात्तरावा वाढदिवस १७ दिवसांवर आला होता.