जगदंबेच्या भरवशावर सीमोल्लंघन

नऊ दिवसांचा नंदादीप शांत होतो, घट उठतात, आणि दशमीच्या तिसऱ्या प्रहरी आपण गावाची वेस ओलांडून शमीपूजनास जातो. आईची आराधना आधी आणि सीमोल्लंघन मागाहून, हा आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. तो क्रम ज्याने आपल्या आयुष्यात अक्षरशः आचरिला, अशा एका महापुरुषाचे चरित्र आज भाविकांच्या चरणी निवेदन करावयाचे आहे.

कलकत्त्याच्या सुखवस्तू दत्त घराण्यात १२ जानेवारी १८६३ रोजी नरेंद्रनाथांचा जन्म झाला. वडील विश्वनाथबाबू उच्च न्यायालयात वकिली करीत. हात सढळ, शिल्लक नाही. त्यामुळे १८८४ साली त्यांना देवाज्ञा होताच सावकार दारात उभे राहिले. आई आणि धाकटी भावंडे यांच्या पोटाला काय घालावे, ही भ्रांत पडली. पदवी मिळवलेला तो तरुण नोकरीसाठी उन्हातान्हात वणवण हिंडला. परंतु कोठेच थारा मिळेना. अखेर श्रीरामकृष्ण परमहंसांनी त्याला दक्षिणेश्वरी भवतारिणीकडे पाठविले; काय हवे ते तिलाच मागावे, अशी आज्ञा केली. नरेंद्र गाभाऱ्यात गेला. मूर्तीपुढे उभा राहताच संसाराची चिंता लोपली, आणि विवेक, वैराग्य, ज्ञान व भक्ती एवढेच मागून तो परतला. गुरूंनी पुन्हा पाठविले, तिसऱ्यांदा पाठविले. तिन्ही वेळा तेच घडले. मग घरच्यांना साध्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही, असा आशीर्वाद परमहंसांनी दिला. या चरित्राचे बीज त्या आशीर्वादात आहे.

१८८६ साली परमहंस समाधिस्थ झाले. नरेंद्रनाथ संन्यासी होऊन भारतभ्रमणास निघाले. १८९२ साली ते आपल्या महाराष्ट्रात आले. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी काही दिवस राहिले, तेव्हा या अनामिक संन्याशाजवळ एक पैसाही नव्हता. पुढे कोल्हापूर, बेळगाव, गोवा असे करीत ते वर्षअखेरीस कन्याकुमारीस पोहोचले. वाटेत पाहिलेले दारिद्र्य त्यांच्या काळजात सलत होते. अमेरिकेत शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरणार होती. तेथे जाऊन आपला धर्म सांगावा आणि आपल्या दीनबांधवांसाठी साह्य मिळवावे, हा विचार बळावत चालला.

मद्रासच्या तरुणांनी, त्यांत अळसिंगा पेरुमल अग्रणी, वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. सुमारे ५०० रुपये जमले, आणि येथेच स्वामीजींचे मन थबकले. ही यात्रा जगन्मातेची इच्छा, की आपल्याच महत्त्वाकांक्षेने घेतलेले धर्माचे सोंग? निर्णय होईना, तेव्हा जमलेला पैसा गोरगरिबांना वाटून टाकण्यास त्यांनी सांगितले. वाचकहो, जवळ पैसा नसताना देवावर भार टाकणारे पुष्कळ भेटतात. हाती आलेला पैसा आईचा कौल मिळेपर्यंत सोडून देणारा विरळा! पुढे गुरुदेव सागरावरून चालत आपणास बोलावीत आहेत, असे दर्शन त्यांना झाले. तरीही त्यांनी श्रीशारदामातेस पत्र लिहिले. मातेचा आशीर्वाद आला, तेव्हाच संशय फिटला. अळसिंगा पुन्हा दारोदार फिरले. खेतडीचे राजे अजितसिंह यांनी बोटीचे तिकीट आणि वस्त्रे दिली. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या त्या काळी, ३१ मे १८९३ रोजी, स्वामीजींनी मुंबई बंदरातून सीमोल्लंघन केले.

आईचा कौल मिळाला म्हणजे वाटेतले काटे नाहीसे होतात, असे मात्र नव्हे. जुलैअखेर शिकागोस पोहोचल्यावर कळले की, परिषद सप्टेंबरात आहे, प्रतिनिधीस मान्यवर संस्थेचे परिचयपत्र लागते, आणि नावे नोंदविण्याची मुदतही टळली आहे. भक्तांनी प्रेमाने पाठवणी केली. परंतु ही चौकशी कोणीच केली नव्हती. जवळचा पैसा झरझर सरू लागला, अंगावर थंडीचे कपडे नव्हते. खर्च कमी म्हणून ते बोस्टनकडे निघाले, तो आगगाडीत केट सॅनबॉर्न या विदुषीची गाठ पडली आणि तिने त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. तेथूनच स्वामीजींनी २० ऑगस्ट रोजी आपली सारी विपन्नावस्था अळसिंगांना पत्राने कळविली. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील ग्रीक भाषेचे अध्यापक जॉन हेन्री राइट यांची भेट झाली. त्यांनी परिषदेच्या चालकांना शिफारसपत्र दिले आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले.

शिकागोस पोहोचतात तो परिषदेचा पत्ताच हरवलेला! ती रात्र स्वामीजींनी रेल्वेच्या मालधक्क्यावरील एका रिकाम्या खोक्यात काढली. सकाळी संन्यासधर्माप्रमाणे दारोदार भिक्षा मागितली, तर अवहेलना पदरी आली. थकून ते रस्त्याच्या कडेला बसले. तोच समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या, त्यांना आदराने आत नेले, आणि स्वतः परिषदेच्या कार्यालयात घेऊन गेल्या. ११ सप्टेंबर १८९३ रोजी काय घडले, ते सर्वश्रुत आहे.

आता हे हात कोणाचे, याचा विचार करावा. सॅनबॉर्नबाई, राइट, हेल ही सारी ख्रिस्ती समाजातील माणसे. गीतेत भगवंतांनी अनन्य भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे अभिवचन दिले आहे. तो कोणत्या हातांनी वाहीन, हे मात्र सांगितलेले नाही. आपण आपल्या ओळखीच्या दारीच वाट पाहत बसतो, आणि आई परक्या अंगणातून हाक मारते.

आणि घरी राहिलेली आई, भुवनेश्वरीदेवी? तिचे काय? खेतडीचे राजे तिला दरमहा १०० रुपये पाठवीत असत. परमहंसांचा आशीर्वाद असा साध्या अन्नवस्त्रापुरता, पण खरा ठरला. १८९८ साली प्रकृती ढासळली, तेव्हा आपल्या पश्चातही आईला ही रक्कम मिळत राहावी, म्हणून स्वामीजींनी राजांना पत्र लिहून विनविले. मंदिरात ज्याच्या मुखातून मागणे फुटले नाही, त्याने आईसाठी माणसापुढे हात पसरण्यात कमीपणा मानला नाही. देवावर विश्वास म्हणजे कर्तव्याला रजा नव्हे, हा या प्रसंगाचा बोध.

परिषदेतील विजयाच्या रात्री एका श्रीमंत घरच्या मऊ शय्येवर स्वामीजींना झोप लागली नाही. मायदेशीचे उपाशी बांधव आठवून ते रडले. १८९७ साली परतल्यावर त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापिले, आणि ४ जुलै १९०२ रोजी बेलूर मठात देह ठेवला. आईने दिलेले आपल्यापाशी थांबू नये, हीच त्यांची अखेरपर्यंतची तळमळ.

आज सोने लुटताना, वेस ओलांडताना, आपणही जगदंबेपुढे क्षणभर थांबून विचारावे, की निघालो आहे तो तिच्या इच्छेने की माझ्या? उत्तर मिळाले की मग पाऊल उचलावे. पुढची शिदोरी कोणाच्या हातून येईल, ते तिचे तिला ठाऊक.