एडस्गर डाइक्स्ट्रा : कामही चालावे, केरही निघावा

घरात मंगलकार्य चालू असताना केर काढणे किती अवघड असते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. काम थांबवावे तर पाहुणे खोळंबतात. न थांबवावे तर केराबरोबर एखादा दागिना जाण्याचे भय! संगणकापुढेही असाच पेच उभा राहतो. तो सोडविण्यासाठी झटलेल्या एका थोर डच शास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

एडस्गर डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. लायडन येथे पदार्थविज्ञान शिकत असतानाच १९५२ साली ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. हा व्यवसाय तेव्हा इतका अपरिचित होता की, १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही! पुढे १९६२ साली ते आइंटहोव्हन येथे प्राध्यापक झाले व १९७२ साली ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले.

संगणकाची स्मृती मर्यादित असते. १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी प्रसिद्ध केलेल्या रीतीत, स्मृती भरली की काम थांबे. उपयोगी वस्तूंवर खूण करून उरलेला केर गोळा केला जाई. परंतु जेथे क्षणाक्षणाला मोल, तेथे हा खोळंबा कसा परवडावा? डाइक्स्ट्रा व त्यांचे चार सहकारी यांनी एका प्रोसेसरने काम करावे व दुसऱ्याने त्याच वेळी केर काढावा, अशी योजना आखली. त्यांनी तीन रंग कल्पिले. न पाहिलेली वस्तू पांढरी; पाहिलेली, पण जिचे धागे तपासावयाचे उरले आहेत ती करडी; पुरती तपासलेली ती काळी. करडी वस्तू एकही उरली नाही, म्हणजे राहिलेल्या पांढऱ्या वस्तू हा केर. काम करणाऱ्याने नवा धागा जोडताच पलीकडच्या पांढऱ्या वस्तूस करडा रंग द्यावा, एवढाच भार त्याच्यावर पडे. मोठा खोळंबा असा कणाकणाने वाटला गेला.

आधीच्या एका मसुद्यात सूक्ष्म दोष आढळला. तो दूर करून, रीतीच्या अचूकतेची सिद्धता देऊनच निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. तीन रंगांची ही कल्पना २०१५ साली ‘गो’ भाषेच्या नव्या केर-संकलकातही योजिली गेली.

६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे डाइक्स्ट्रा निवर्तले. विद्यार्थिमित्रांनो, श्रमाचे मोल कोठे ना कोठे द्यावेच लागते. ते सोसवेल अशा बेताने वाटून घ्यावे आणि केलेले काम पुन्हा पारखावे, हा बोध आम्हांस या चरित्रातून मिळतो.