डक्सहर्स्टचे खेडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंडमध्ये दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषाविषयी समाजाला निदान कीव तरी वाटे. स्त्रीविषयी मात्र केवळ तिटकाराच होता. नवऱ्याचे पिणे हा कुटुंबाचा दुर्दैवयोग समजला जाई. पत्नीचे पिणे हा तिच्या शीलावरचा कलंक ठरे. सधन घरातील अशा स्त्रीला बंद दाराआड दडवून ठेवीत. गरीब स्त्रीची रवानगी तुरुंगात होई. थोड्याच दिवसांनी ती सुटे आणि पुन्हा त्याच गल्लीतील त्याच गुत्त्यासमोर येऊन उभी राही. या चक्रातून बाहेर पडण्याची एक वाट घालून देणाऱ्या लेडी हेन्री सॉमरसेट या स्वतः उमराव घराण्यातील होत्या, आणि समाजाने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

त्यांचे माहेरचे नाव इझाबेला सॉमर्स-कॉक्स. 1851 साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील अर्ल सॉमर्स. आई व्हर्जिनिया ही ईस्ट इंडिया कंपनीचे कलकत्त्यातील अधिकारी जेम्स पॅटल यांची कन्या आणि विख्यात छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची बहीण. 1872 साली इझाबेलाचा विवाह ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांचे धाकटे पुत्र लॉर्ड हेन्री सॉमरसेट यांच्याशी झाला. दोन वर्षांनी मुलगा झाला. परंतु पतीचे एका तरुणाशी प्रेमसंबंध असल्याचे उघड होताच संसार मोडला. अशा प्रसंगी पत्नीने मौन पाळावे, घराण्याची अब्रू झाकावी, असा त्या वर्गाचा अलिखित दंडक होता. इझाबेला यांनी तो मानला नाही. मुलगा आपल्याकडे राहावा म्हणून त्यांनी न्यायालयाची पायरी चढली आणि 1878 साली मुलाचा ताबा मिळविला. मुलगा मिळाला, पण समाज दुरावला. ज्या दिवाणखान्यांत त्यांचे स्वागत होत असे, त्यांची दारे बंद झाली. दोष पतीचा आणि शिक्षा पत्नीला, असा तो न्याय होता. घटस्फोट झाला नाही. त्यामुळे ज्याच्यापासून त्या विभक्त झाल्या, त्याच्याच नावाने त्या अखेरपर्यंत ओळखल्या गेल्या.

1883 साली वडील वारले आणि ईस्टनॉर येथील गढी, रायगेटची मिळकत व लंडनमधील गरिबांच्या वस्तीची मालकी त्यांच्याकडे आली. त्या वस्तीतून फिरताना आपले उत्पन्न कोणत्या जीवनातून येते, हे त्यांना दिसले. याच सुमारास त्यांच्या एका मैत्रिणीने मद्याच्या अमलाखाली आत्महत्या केली. त्यांनी आपल्या कुळांसमवेत मद्यत्यागाची शपथ घेतली आणि त्या ख्रिस्ती मद्यपाननिषेधाच्या कार्यात उतरल्या. वेल्सच्या खाणकामगारांपुढे त्यांनी सभा घेतल्या. 1890 साली ब्रिटिश महिला मद्यपाननिषेध संघाच्या त्या अध्यक्षा झाल्या. पुढल्याच वर्षी अमेरिकेत त्यांची फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी मैत्री जुळली. पंडिता रमाबाईंच्या कार्याला अमेरिकेत ज्यांनी हात दिला, त्यांतल्याच या विलर्डबाई.

व्यासपीठावरून मद्याचा निषेध करणारे त्या काळी पुष्कळ होते. जी स्त्री आधीच बुडाली आहे तिचे काय करायचे, हा प्रश्न मात्र भाषणाने सुटत नव्हता. 1895 साली लेडी हेन्री यांनी सरे परगण्यात रायगेटजवळ डक्सहर्स्ट येथे व्यसनी स्त्रियांसाठी शेतवसाहत स्थापन केली. तिला त्यांनी तुरुंगाचे रूप दिले नाही, रुग्णालयाचेही नाही. ते एक खेडे होते. हिरवळीभोवती छोटी छोटी घरे आणि मध्ये प्रार्थनामंदिर. बागकाम, कोंबड्या, मधमाश्या, विणकाम, भरतकाम अशी कामे स्त्रिया करीत. निदान वर्षभर येथे राहिल्याशिवाय सुधारणा टिकत नाही, हे तेथील सूत्र होते. सधन स्त्रियांची सोय वेगळ्या वाड्यात होती. वर्गभेदाची ती भिंत त्यांनाही ओलांडता आली नाही. शहरातील गरीब मुलांसाठी तेथे ‘नेस्ट’, म्हणजे घरटे, या नावाचे घर होते. मुलांच्या सहवासात बाईचे मन पुन्हा जागे होते, अशी त्यांची श्रद्धा होती. प्रार्थना हा त्या जीवनाचा कणा होता. पण प्रार्थनेला मोकळी हवा, कष्ट, वेळ आणि माणुसकी यांची जोड हवी, हे त्यांनी ओळखले होते.

अपयशही वाट्याला आले. दारूपायी अडीचशेहून अधिक वेळा पकडली गेलेली जेन केकब्रेड ही वृद्धा लंडनच्या वृत्तपत्रांचा थट्टेचा विषय झाली होती. लेडी हेन्री यांनी तिला आश्रय दिला, पण ती आवरेना. शेवटी ती मनोरुग्ण असल्याचे ठरून तिला वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले, आणि 1898 साली ती वारली. उपचाराची गरज असलेल्या एका बाईला न्यायसंस्था वर्षानुवर्षे केवळ कोठडीत टाकीत राहिली, हे त्या अपयशातून उघड झाले. त्याच वर्षी सराईत मद्यपींना तुरुंगाऐवजी सुधारगृहात तीन वर्षांपर्यंत ठेवण्याचा कायदा झाला. त्याखाली धाडल्या गेलेल्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. सुधारणेच्या नावाखाली शिक्षेचा रोख पुन्हा स्त्रीकडेच वळला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

खुद्द लेडी हेन्री यांच्याही हातून एक मोठी चूक घडली, आणि तिचा संबंध हिंदुस्थानाशी होता. येथील गोऱ्या सैनिकांत गुप्तरोगांचा फैलाव झाला म्हणून छावण्यांतील वेश्याव्यवसायावर सरकारी नियंत्रण असावे, या मताला त्यांनी 1897 साली काही अटींवर पाठिंबा दिला. अशा नियंत्रणाचा खरा जाच हिंदी स्त्रियांनाच होणार होता. जोसेफिन बटलर यांनी याविरुद्ध रान उठविले, संघटना हादरली. 1898 साली लेडी हेन्री यांनी आपला पाठिंबा जाहीरपणे मागे घेतला. आपल्या डोळ्यांसमोरच्या स्त्रीचे दुःख जाणणाऱ्या बाईंना समुद्रापलीकडच्या स्त्रीचे दुःख प्रथम दिसले नाही. पण चूक कळल्यावर ती कबूल करण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

1903 साली त्यांनी ब्रिटिश संघाचे अध्यक्षपद सोडले, आणि पुढे डक्सहर्स्ट हेच त्यांचे खरे घर झाले. 1913 साली लंडनच्या एका सायंदैनिकाने, स्त्री पंतप्रधान व्हायची तर कोण व्हावी, असा कौल वाचकांकडे मागितला, तेव्हा वाचकांनी त्यांनाच पसंती दिली. एकेकाळी ज्यांच्यासाठी दारे बंद झाली होती, त्यांना हा मान मिळाला. 12 मार्च 1921 रोजी त्यांचे निधन झाले.

डक्सहर्स्टचे ते खेडे आज उरलेले नाही. त्यांचा प्रश्न मात्र कायम आहे. व्यसनी पुरुषाला उपचारासाठी पाठविताना घर त्याच्या पाठीशी उभे राहते. व्यसनी स्त्रीचे नाव घ्यायलाही घर कचरते. मग तिने वर्षभर राहावे कोठे, तिची मुले सांभाळावी कोणी आणि परतल्यावर तिला उंबऱ्याच्या आत घ्यावे कोणी? उपचाराचे शास्त्र शंभर वर्षांत पुष्कळ पुढे गेले. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र औषधांत नाहीत. ती समाजाच्या मनात शोधावी लागतील. स्वतः बहिष्कृत झालेल्या एका स्त्रीने ती एका खेड्याच्या रूपाने शोधून पाहिली, यातच तिच्या जीवनाचे मोल आहे.