न दुखणाऱ्या जखमांचे वैद्य : डॉ. पॉल ब्रँड

पायात काटा रुतला की आपण तत्क्षणी थांबतो. ज्यांना ती वेदना जाणवतच नाही त्यांचे काय होते, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी आयुष्यभर पाहिले.

मिशनरी दांपत्याच्या पोटी १९१४ साली तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरावर त्यांचा जन्म झाला. लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९४६ साली ते वेल्लूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. मद्रासजवळील, म्हणजे आजच्या चेन्नईजवळील चिंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांचे कुष्ठधाम त्यांनी पाहिले आणि त्यांच्या सेवेची दिशा ठरली.

कुष्ठरोग्याचे मांस आपोआप सडते, असा तेव्हा समज होता. म्हणून जखमेचे कारण कोणी शोधीत नसे. ब्रँड यांनी ते शोधले. काही जखमा चटक्याने वा खिळ्याने क्षणात होत. काही सौम्य परंतु अखंड दाबाने होत. घट्ट वहाणेखाली रक्तपुरवठा थांबून कातडी मरे. पुष्कळशा मात्र हजारो पावलांच्या त्याच त्या दाबाने होत. ती जागा आधी ऊन लागे, मग फुटे. जखमी पायाने चालत राहिल्यास जंतुदोष हाडापर्यंत पोहोचे. कारण कळताच उपाय सापडला. प्लास्टर, विश्रांती आणि मऊ रबरी तळाच्या वहाणा यांनी जखमा भरून येऊ लागल्या. मांस निर्दोष होते. हरवली होती ती केवळ वेदना.

१९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले व तेथेही त्यांनी हाच अभ्यास चालू ठेवला. २००३ साली ते प्रभूच्या ठायी विसावले.

वाचकहो, आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांच्या टाचा व माकडहाडाची जागा रोज पाहा. बोटाने दाबूनही न फिकटणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली पायरी होय. कातडी सोलवटली वा फोड आला तर दुसरी, चरबी दिसली तर तिसरी, स्नायू वा हाड उघडे पडले तर चौथी. सावळ्या कातडीवर लाली लपते. तेथे हाताला लागणारा ऊनपणा वा कठीणपणा ओळखावा. लघवीने वा घामाने ओल्या राहिलेल्या घड्यांतील पसरट, अस्पष्ट कडांची लाली मात्र ओलाव्याची असते. तिला स्वच्छता व कोरडेपणा हवा. दाबाच्या जखमेला कूस बदलणे हवे. जखम उघडी पडताच डॉक्टरांना दाखवावे.

ज्याला स्वतःची वेदना कळत नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याचे डोळे व हातच वेदनेचे काम करतात. ब्रँड यांच्या जीवनाने आपल्यावर सोपविलेली सेवा हीच आहे.