संत गोन्सालो गार्सिया : न विझलेली ज्योत



दरवर्षी ६ फेब्रुवारीला आपण संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा करतो. भारतात जन्मलेले हे पहिले संत आपल्या वसईचे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांचे जीवन आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि त्यांच्याबरोबरच ते लहान वयात जपानला गेले. तिथली भाषा शिकून त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. त्यांना येशूसंघात जायचे होते, परंतु प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात उतरले व त्यात यशस्वीही झाले. तरीही देवाची हाक मनातून गेली नाही. अखेर मनिला येथे सारे सोडून ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. क्योतो शहरात या मंडळींनी चर्च बांधले, कुष्ठरोग्यांची सेवा केली. पण राज्यकर्ता हिदेयोशी याचे मन फिरले. १५९६ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात शेकडो किलोमीटर चालवत त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत १७ जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा अवघा १२ वर्षांचा!

राज्यकर्त्यांना वाटले, आता ही श्रद्धा संपेल. १६१४ साली देशभर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलले, मारले. ख्रिस्त व मरियेच्या प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना त्या तुडवायला लावत. न मिस्सा, न पापनिवेदन, न चर्चची घंटा. अशी अडीचशे वर्षे गेली.

पुढे परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउरा येथे एक चर्च उभे राहिले. ते गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांनाच अर्पण केलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले. त्यांनी फादर पेतीजाँ यांना हळूच विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? फादर थक्क झाले. धर्मगुरूंविना या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बाळांना स्नानसंस्कार दिला होता, प्रार्थना तोंडपाठ ठेवल्या होत्या, उपवासकाळ पाळला होता. त्यानंतरही छळ थांबला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना घरेदारे सोडून हद्दपार व्हावे लागले. १८७३ साली कुठे बंदी उठली.

बंधुभगिनींनो, हुतात्म्यांनी रक्त सांडले. पण ती ज्योत तेवत ठेवली ती घराघरांतल्या आईबापांनी, आजीआजोबांनी. आपल्याकडे चर्च आहे, रोज मिस्सा आहे, धर्मगुरू हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही संध्याकाळी आपल्या घरात रोजरी होते का? की ती वेळ टीव्हीने घेतली आहे? उद्या आपल्याकडे धर्मगुरू नसले, तर आपली मुले काय आठवतील? या सणाला घरी बसून आपण याचा विचार करूया.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.