चिंतामणराव देशमुख : नोटेवर सही ते मुंबईसाठी राजीनामा

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचं नाव स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. सीमाभागातल्या जुन्या पिढीला मात्र ते वेगळ्याच कारणाने आठवतात. मुंबईच्या प्रश्नावर देशाचं अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस, ही त्यांची इथली ओळख. या दोन ओळखींच्या मध्ये महायुद्ध, फाळणी आणि नव्या देशाची पहिली पंचवार्षिक योजना येते. आणि शेवट येतो तो हैदराबादेत.

रायगडच्या पायथ्याचा मुलगा

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. गाव नाते, रायगड किल्ल्याजवळचं, महाड तालुक्यातलं. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. वडील द्वारकानाथ वकील, आई भागीरथीबाई. लहानपण बरंचसं कुंडलिकेच्या काठी रोह्यात गेलं. १९१२ साली ते मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली.

पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले ते अर्थशास्त्र शिकायला नव्हे. त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळालं. म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेचा पहिला भारतीय प्रमुख पदवीने अर्थतज्ज्ञ नव्हता, झाडापानांचा अभ्यासक होता. बागेचं वेड त्यांना जन्मभर राहिलं. पैशाचं शास्त्र ते कामावर असताना शिकले.

१९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. नेमणूक झाली मध्य प्रांत व वऱ्हाडात. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. हिंदी आणि मराठी दोन्ही मुलूख एकाच सरकारखाली होते, त्यामुळे दोन भाषांच्या प्रदेशात कारभार कसा चालतो ते त्यांनी तरुणपणीच जवळून पाहिलं. डेप्युटी कमिशनर, जमिनीचा सारा ठरवणारा सेटलमेंट ऑफिसर, मग महसूल सचिव आणि अर्थसचिव अशा पायऱ्या ते चढत गेले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला ते सचिव मंडळात होते. प्रांतांना केंद्राकडून किती पैसा मिळावा याची चौकशी करायला सर ऑटो नीमेयर आले, तेव्हा मध्य प्रांताची बाजू देशमुखांनी कागदावर मांडली. दिल्लीचं लक्ष त्यांच्याकडे वळलं ते साधारण इथून.

बँकेत प्रवेश, आणि लगेच युद्ध

रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. पहिले दोन्ही गव्हर्नर, ऑसबॉर्न स्मिथ आणि जेम्स टेलर, गोरे साहेब. देशमुख १९३९ च्या जुलैमध्ये बँकेत आले. सरकार आणि बँक यांच्यात दुवा ठेवणारा अधिकारी, असं ते काम होतं. दोन महिन्यांत युरोपात युद्ध पेटलं. नंतर ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर पदावर असतानाच वारले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले.

वेळ फार वाईट होती. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती, बाजारात भाव चढत होते. यामागचा एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. युद्धासाठी ब्रिटन हिंदुस्थानातून धान्य, कापड, पोलाद, सगळं उचलत होतं. त्याचे पैसे मात्र इथे रुपयांत न देता लंडनमध्ये पौंडांत रिझर्व्ह बँकेच्या खात्याला जमा व्हायचे. त्या पौंडांच्या आधारावर बँक इथे नोटा छापायची आणि त्यातून माल विकणाऱ्याला पैसे मिळायचे. माल गेला बाहेर, नोटा राहिल्या घरात. साहजिकच महागाई भडकली. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहा पटींहून जास्त वाढल्या.

लंडनमधली ही रक्कम म्हणजे स्टर्लिंग शिल्लक. युद्ध संपलं तेव्हा ती सव्वाशे कोटी पौंडांच्या वर गेली होती. दीडशे वर्षं ज्याचं राज्य सोसलं तोच आता आपला कर्जदार झाला होता. प्रश्न एवढाच होता की तो देणार का, आणि कधी. तिकडे ही रक्कम कापून घ्यावी, हा युद्धखर्चातला हिंदुस्थानचा वाटा समजावा, असं बोलणारेही होते. देशमुखांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मान्य केलं नाही. उपाशी राहिलेल्या लोकांच्या तोंडचा घास त्या खात्यात जमा होता, त्यामुळे एका पैशाचीही सूट द्यायची नाही, अशी भारताची बाजू होती. पुढच्या काही वर्षांत हप्त्याहप्त्याने हा पैसा सुटा होत गेला. स्वातंत्र्यानंतर बाहेरून धान्य आणि यंत्रं आणताना तोच कामी आला.

ब्रेटन वुड्स

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे ४४ देश जमले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा पाया तिथे घातला गेला. भारताच्या प्रतिनिधी मंडळात जेरेमी रेस्मन, देशमुख, षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ अशी मंडळी होती. देश पारतंत्र्यात, तरी ही माणसं भारताचं वेगळं म्हणणं मांडत होती. स्टर्लिंग शिल्लकीचा प्रश्न नाणेनिधीने हाती घ्यावा ही मागणी तिथे फेटाळली गेली. पण नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला, तो पहिल्या काही मोठ्या देशांच्या रांगेतला होता. रशिया बाहेर राहिल्यावर संचालक मंडळातल्या पाच कायम जागांपैकी एक भारताकडे आली. १९५० साली पॅरिसमध्ये या दोन्ही संस्थांची संयुक्त वार्षिक बैठक भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी देशमुख होते.

एक बँक, दोन देश

१९४६ च्या जानेवारीत सरकारने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. यातून सरकारच्या हाती फार काही लागेल असं गव्हर्नरांना वाटत नव्हतं. तरी निर्णय झाला आणि बँकेने तो राबवला.

खरी कसोटी पुढच्या वर्षी होती. फाळणीत जमीन वाटली गेली, फौज वाटली गेली, रेल्वेचे डबे वाटले गेले. चलन एका रात्रीत वाटता येईना. म्हणून काही काळ रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहिली. देशमुखांची सही असलेल्या नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव इंग्रजीत आणि उर्दूत छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या.

एकाच माणसाला दोन सरकारांचे हिशेब सांभाळायचे होते, आणि ती सरकारं काश्मीरमध्ये लढत होती. शिल्लक रकमेतला पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला होता. २० कोटी दिले होते, उरलेले ५५ कोटी भारत सरकारने अडवले. रिझर्व्ह बँक दिल्लीच्या दबावाखाली आहे अशी ओरड कराचीतून झाली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचं उपोषण सुरू असताना सरकारने पैसे सोडले. ३० जून १९४८ रोजी पाकिस्तानपुरतं बँकेचं काम संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्वतःची स्टेट बँक सुरू झाली.

१ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. तोवर ती भागधारकांची बँक होती. बँकिंग कंपन्यांचा कायदाही त्याच वर्षी आला, त्यामुळे बुडणाऱ्या खासगी बँकांवर अंकुश ठेवण्याचे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. ३० जून १९४९ रोजी देशमुख निवृत्त झाले आणि बेनेगल रामा राव त्यांच्या जागी आले.

अर्थमंत्री

१९५० साली योजना आयोग स्थापन झाला, त्यात देशमुख सदस्य होते. लवकरच जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि नेहरूंनी ते देशमुखांना दिलं. १९५२ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून कुलाब्यातून लोकसभेवर गेले. आयुष्यभर फायलींवर शेरे लिहिलेला माणूस गावोगाव मतं मागत फिरला.

पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मूळ आराखडा २,०६९ कोटींचा होता. देशमुखांचा हात आखडता असे. खर्च झेपेल तेवढाच करावा, महागाईला वाट देऊ नये, हे युद्धकाळाने त्यांना शिकवलं होतं.

त्यांच्या काळातले दोन निर्णय आजही प्रत्येक घरात आहेत. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने खेड्यांतल्या कर्जाची पाहणी केली. समितीत पुण्याचे धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला, बाकी बहुतेक सगळा सावकार. त्यावर उपाय म्हणून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर आलं. दुसरा निर्णय आयुर्विम्याचा. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम निघाला आणि २४५ विमा कंपन्या व संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ ला उभं राहिलं. तेव्हा देशमुख अर्थमंत्री नव्हते.

मुंबई

विम्याचा वटहुकूम निघाला तोच आठवडा मुंबई पेटल्याचा. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित राहील अशी घोषणा झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांपैकी पुष्कळ जण त्या दिवसांतले.

देशमुखांनी त्याच महिन्यात नेहरूंना राजीनामा दिला. मात्र तो लगेच अमलात आला नाही. अर्थसंकल्प तोंडावर होता, समेटाची बोलणी चालू होती. तेव्हा महाराष्ट्रात काहींनी त्यांच्यावर टीकाही केली, कारण रस्त्यावर माणसं पडत असताना मंत्री खुर्चीवरच दिसत होता. अखेर २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी राजीनाम्याची कारणं सांगितली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणं अन्यायाचं आहे, हे पहिलं. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला, हे दुसरं. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे तिसरं. नेहरूंनी मंत्रिमंडळाबाबतचा आक्षेप मान्य केला नाही आणि सभागृहात उत्तरही दिलं.

यात देशमुखांचा स्वभाव दिसतो. ते मोर्चातले पुढारी नव्हते. भावनेइतकंच त्यांना पद्धतीचं महत्त्व होतं. निर्णय कोणी घेतला, कुठे घेतला, चौकशी का नाही, हे प्रश्न त्यांनी जुन्या सचिवासारखे विचारले.

ऑगस्टमध्ये संसदेने केंद्रशासित मुंबईचा विचार सोडून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य मान्य केलं. १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आलं. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. देशमुखांचा राजीनामा मुंबईसाठी होता, बेळगावसाठी नव्हता, हे इतिहास म्हणून स्पष्ट असलेलं बरं. तरीही दिल्लीतला एक मराठी मंत्री पद सोडू शकतो, ही गोष्ट सीमाभागात दोन पिढ्या सांगितली गेली.

हैदराबादचे देशमुख

ज्या सरकारमधून ते बाहेर पडले त्याच सरकारने त्याच वर्षी त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद दिलं. १९६१ पर्यंत त्यांनी ते सांभाळलं. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नोकरी करणाऱ्यांना घरून पदवी घेता यावी म्हणून पत्रद्वारा शिक्षण दिल्लीत याच काळात सुरू झालं. इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष, आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचेही ते बरीच वर्षं अध्यक्ष. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले. गिरी जिंकले, संजीव रेड्डी दुसरे आणि देशमुख तिसरे.

त्यांचं पहिलं लग्न इंग्लंडमध्ये रोझिना यांच्याशी झालं. त्यांची एक मुलगी. रोझिना १९४९ साली वारल्या. १९५३ मध्ये त्यांनी राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा नेहरू साक्षीदार होते. दुर्गाबाई म्हणजे घटना समितीच्या सदस्या, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. नवरा मराठी, बायको तेलुगू. घरातला समान धागा संस्कृतचा. चिंतामणरावांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं होतं, स्वतः संस्कृत श्लोक रचले होते. त्यांचे श्लोक पुढे पुस्तकरूपाने आले.

१९७५ साली नवरा-बायको दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. उतारवयात त्यांनी हैदराबादेत घर केलं. तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजशी चिंतामणरावांचा संबंध जुना होता, ते त्याचे अध्यक्ष राहिले होते. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, चिंतामणरावांनी हैदराबादेतच शेवटचा श्वास घेतला.

रोह्याच्या महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. जुनी नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडे सहाव्या जॉर्जच्या चित्राची एखादी नोट असतेच. नीट पाहिलं तर त्याच नोटेवर नात्याच्या या मुलाची इंग्रजी सही दिसते.