नागपूरच्या दगडांतील पाने आणि हिस्लॉप

कोल्हापूरच्या आसपास कोठेही विहीर खणली तरी हाती लागतो तो काळा पाषाणच. लाव्ह्यापासून घडलेल्या या खडकात पानाचा ठसा सापडण्याचा संभव जवळजवळ नाही. त्यामुळे दगडातही एखादे अरण्य वाचता येते, ही गोष्ट आपल्याकडील विद्यार्थ्याला केवळ पुस्तकातून कळते. विदर्भाचे तसे नाही. कोराडी व चंद्रपूर येथील विद्युत्केंद्रांत जो कोळसा जळतो, तो सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा अवशेष होय. आणि त्या वनस्पतींची पाने लगतच्या खडकांत शिरांसकट उमटलेली आढळतात. महाराष्ट्रात त्यांचा साक्षेपाने संग्रह करण्याचा आरंभ ज्याने केला, तो व्यवसायाने भूशास्त्रज्ञ नव्हता, धर्मोपदेशक होता.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 1817 साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्चच्या मिशनतर्फे 1844 च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि 1845 मध्ये, भोसल्यांची सत्ता असताना, नागपुरास आले. पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. ते मराठी शिकले. गोंडांची गीते व शब्द त्यांनी टिपून घेतले. धर्मांतर हाच त्यांच्या येण्याचा हेतू होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या हेतूच्या आड त्यांची जिज्ञासा कधी आली नाही, आणि जिज्ञासेच्या आड तो हेतूही आला नाही, हे मान्य करावयास हवे.

कामठी व सिल्लेवाडा येथे इमारतींसाठी वालुकाश्म काढला जात असे. त्याचे थर सुटताना आत जिभेच्या आकाराची पाने दिसत. ग्लोसोप्टेरिस या नावाचा अर्थही जिभेसारखे नेचे असाच आहे. हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हे ठसे जमविले, कोणता ठसा कोठला याची नोंद ठेवली, आणि लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेकडे नमुने व निबंध धाडले. 1861 मध्ये चार्ल्स बनबरी यांनी त्या वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका जातीस हिस्लॉप यांचे नाव मिळाले.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र 1855 च्या एका निबंधात आहे. नागपूरचे पर्णयुक्त थर, छिंदवाड्याकडील उमरेठचा कोळसा आणि दूर बंगालमधील बर्दवानचा कोळसा यांचे नाते त्यांनी वनस्पतींच्या साम्यावरून जोडले. या थरांचे वय ठरविताना ते चुकले. प्रत्यक्षाहून ते त्यांनी बरेच अलीकडचे मानले. नाते मात्र टिकले. हीच पाने दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही ओळखली गेली; 1912 मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत ओढून आणलेल्या दगडांतही ती निघाली. हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या मताला त्यामुळे बळ आले.

4 सप्टेंबर 1863 रोजी हिस्लॉप टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. परतताना रात्री बोरीजवळ पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना ते बुडाले. वय पुरते 46 नव्हते. गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली.

ज्या सिल्लेवाड्यात त्यांनी पाने वेचली, तेथेच खोल जमिनीखाली कोळसा होता, आणि आज तेथे त्याची खाण आहे. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला येथे एक शंका येते. उघड्या खाणीत कोळशावरचा खडक फोडून टाकावा लागतो; हिशेबात तो निव्वळ खर्च. कोळशाला टनाचा भाव आहे, वरच्या खडकातील पानाला भाव नाही. आणि ज्याला भाव नाही ते ढिगाऱ्यावर जाते, पावसात भिजते, भुगा होते. बाजार याची काळजी घेईल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे होईल. 1973 पासून कोळसा खाणी मुख्यत्वे सार्वजनिक मालकीच्या आहेत. तेव्हा ही जबाबदारी सरकारनेच स्वीकारली पाहिजे. खर्च फारसा नाही. स्फोटानंतर ढिगारा हलण्यापूर्वी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, सुरक्षेचे नियम पाळून, काही तास आत सोडावे. आणि प्रत्येक ठशावर खाणीचे नाव, कोळशाच्या थराचा क्रमांक, खोली व तारीख लिहिलेली चिठ्ठी तेथल्या तेथे चिकटवावी. चिठ्ठी नसलेला ठसा दिवाणखान्यात शोभतो, अभ्यासाच्या उपयोगी पडत नाही.